जर-तरची भाषा : स्पॅनिश क्रियापदाचा संकेतार्थ

विद्यार्थिमित्रहो, व्याकरणाचें नांव काढतांच तुमच्यापैकीं पुष्कळांच्या कपाळास आठी पडते, हें मला ठाऊक आहे. म्हणून आजच्या पाठाचा आरंभ पुस्तकांतून न करितां आपल्या बीड जिल्ह्यांतल्या शेताच्या बांधावरून करितों. मृग कोरडा गेला, आर्द्रानेंही दगा दिला, कीं पारावर बसलेला म्हातारा शेतकरी आभाळाकडे पाहून म्हणतो, "पाऊस पडला असता तर बाजरी आली असती." १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला, त्यांच्या तोंडून हें वाक्य आपण अनेकदां ऐकलें आहे.

हें वाक्य दिसावयास साधें आहे. परंतु त्यांत किती गोष्टी सांठविल्या आहेत पाहा. पाऊस पडला नाहीं, ही एक. बाजरी आली नाहीं, ही दुसरी. पाऊस आणि बाजरी यांचा कार्यकारणसंबंध आहे, ही तिसरी. वाक्यांत "नाहीं" हा शब्द कोठेंच आलेला नसून ऐकणाऱ्यास दोन्ही नकार न सांगतां कळतात. जें घडलें नाहीं तें डोळ्यांपुढें उभें करण्याची ही शक्ति क्रियापदाच्या ज्या रूपांत आहे, त्यास आपले वैयाकरण संकेतार्थ म्हणतात. युरोपांतील भाषांपैकीं स्पॅनिश भाषेंत हेंच काम कसें चालतें, तें आज पाहावयाचें आहे. परकी भाषा शिकतांना आपली भाषा अधिक कळूं लागते, हा या अभ्यासाचा दुसरा लाभ होय.

१. आधीं आपलें घर

मराठी व्याकरणांत क्रियापदाचे चार अर्थ मानतात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. "तो येतो" हा स्वार्थ, "ये" हा आज्ञार्थ, "त्यानें यावें" हा विध्यर्थ आणि "तो आला असता तर" हा संकेतार्थ. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचें व्याकरण १८३६ सालीं प्रसिद्ध झालें आणि मोरो केशव दामले यांचें "शास्त्रीय मराठी व्याकरण" १९११ सालीं. या ग्रंथकारांच्या परिश्रमामुळें आज आपणांस हीं नांवें सहज उच्चारतां येतात.

संकेतार्थाचें मुख्य साधन म्हणजे "असणें" या धातूचें एक विशिष्ट रूप. वर्तमानकाळीं आपण म्हणतों : तूं असतोस, तो असतो, ती असते, ते असतात. संकेतार्थांत म्हणतों : तूं असतास, तो असता, ती असती, ते असते. एका स्वराच्या फरकानें खरी गोष्ट कल्पित होते. "तो घरीं असतो" म्हणजे त्याला भेटावयास जा. "तो घरीं असता तर" म्हणजे जाऊं नका, तो तेथें नाहीं.

जुन्या मराठींत हें रूप कोणत्याही धातूपासून थेट होत असे : "पाऊस पडता तर पीक येतें." आतां आपण बहुधा "पडला असता" असें जोडरूप वापरतों. परंतु जुनी घडण आपल्या कानांस सर्वस्वीं परकी नाहीं. आपला जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता, आणि उर्दू-दखनी बोलणारीं कुटुंबें आजही आपल्या शेजारीं आहेत. तीं म्हणतात, "बारिश होती तो फसल आती." "होती" आणि "आती" हीं त्याच जुन्या घडणीचीं रूपें. वाक्याच्या दोन्ही अंगांत एकच रूप येतें, ही खूण ध्यानांत ठेवा. पुढें ती फार उपयोगी पडणार आहे.

आतां वरच्या यादींत मीं एक पुरुष मुद्दाम गाळला आहे, तो कोणता हें तुमच्या लक्षांत आलें असेल. प्रथम पुरुष. वर्तमानकाळीं "मी असतों"; संकेतार्थींही "मी असतों." मुलगी बोलत असेल तर दोन्ही ठिकाणीं "मी असतें." येथें मराठी भाषा खरें आणि कल्पित यांत फरक करीत नाहीं, तें काम "तर" या अव्ययावर सोंपविते.

या जागेवर मी एकदां अडखळलों होतों. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचे आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीस जात. मुकादमाकडून उचल घेतलेली असल्यामुळें जाणें चुकत नसे. मुलगाही बरोबर जाई आणि पाडव्याच्या सुमारास परत येई. परत आल्यावर त्याची निबंधाची वही मीं तपासावयास घेतली. फडावरच्या कोपींत बसून त्यानें "माझा दिनक्रम" या विषयावर लिहावयास घेतलें होतें. पहिलेंच वाक्य होतें : "मी शाळेंत असतों." पुढें कांहीं नाहीं. मीं समासांत तांबड्या शाईनें लिहिलें, "हें खरें नाहीं. तूं पांच महिने शाळेंत नव्हतास." मुलगा मान खालीं घालून म्हणाला, "गुरुजी, पुढें 'तर' लिहायचा होता. तेवढ्यांत गाडी भरायला हांक आली."

व्याकरण शिकविणाऱ्यास यापेक्षां मोठा धडा मिळत नाहीं. मीं जें वर्तमानकाळ म्हणून वाचलें, तें त्यानें संकेतार्थ म्हणून लिहिलें होतें. हें वाक्य आपण जवळ ठेवूं. स्पॅनिशमध्यें त्याचें काय होतें, तें शेवटीं पाहूं.

२. स्पॅनिश कशासाठीं?

सुमारें वीस देशांची राजभाषा असलेली ही भाषा बीडच्या विद्यार्थ्यास काय कामाची, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर एका मराठी माणसाच्या चरित्रांत आहे. वर्ध्यास जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे तरुणपणीं देशाच्या स्वातंत्र्यासाठीं परदेशीं गेले. अमेरिकेंत त्यांनीं शेतकीचा अभ्यास केला आणि गदर पक्षाच्या चळवळींत भाग घेतला. पुढें १९२४ सालीं ते मेक्सिको देशांत पोंचले. तेथील चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयांत ते अध्यापक झाले. मक्याच्या जातींवर त्यांनीं संशोधन केलें आणि गरीब शेतकऱ्यांसाठीं मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिबेरा या प्रसिद्ध चित्रकारानें मेक्सिकोच्या शिक्षणखात्याच्या इमारतींतील भित्तिचित्रांत त्यांस स्थान दिलें. स्वातंत्र्यानंतर ते स्वदेशीं परतले आणि १९६७ सालीं नागपुरास निवर्तले.

हें सारें अध्यापन स्पॅनिश भाषेंत चाले. कोरडवाहू शेताच्या कडेला उभें राहून, "हें बीं पेरलें असतें तर पीक अधिक आलें असतें," असें त्या वऱ्हाडी माणसानें मेक्सिकोच्या शेतकऱ्यास कितीदां सांगितलें असेल! शेतकऱ्यास सल्ला देणारास संकेतार्थावांचून गत्यंतर नाहीं.

शिवाय स्पॅनिशचे उच्चार आपणांस फारसे जड जात नाहींत. तिचे त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. इंग्रज विद्यार्थ्यास जेथें कष्ट पडतात तेथें मराठी मुलगा सहज पार पडतो. लिहिलेला ह मुका असतो, व चा उच्चार ब सारखा होतो, आणि र स्पष्ट वाजतो. एवढें सांगून आतां मूळ विषयाकडे वळूं.

३. रूप कसें साधावें

स्पॅनिश क्रियापदाचें मूळ नाम आर, एर किंवा इर यांत संपतें : आब्लार (बोलणें), कोमेर (खाणें), बिबिर (जगणें, राहणें). इतर काळांत या तीन गणांचे प्रत्यय वेगळे असतात आणि विद्यार्थी घाबरा होतो. संकेतार्थांत मात्र मोठी सोय आहे. मूळ नाम जसेंच्या तसें ठेवावें आणि त्यापुढें प्रत्यय लावावे. तिन्ही गणांस प्रत्यय तेच.

मी : आब्लार-ईआ
तूं : आब्लार-ईआस
तो, ती, आपण (आदरार्थी) : आब्लार-ईआ
आम्ही : आब्लार-ईआमोस
तुम्ही : आब्लार-ईआइस
ते, त्या : आब्लार-ईआन

याच रीतीनें कोमेरीआ (मी खाल्लें असतें), बिबिरीआ (मी राहिलों असतों). आघात सर्वत्र ई वर द्यावा. लेखनांतही त्या अक्षरावर चिन्ह काढतात. तें गाळल्यास ई आणि आ एकमेकांत मिसळून शब्द बिघडतो.

दोन गोष्टी टिपून ठेवा. आदरार्थी "आपण" यास स्पॅनिशमध्यें उस्तेद म्हणतात, आणि त्यास तृतीय पुरुषाचें रूप लागतें. "आपली कृपा" अशा अर्थाच्या जुन्या शब्दसमूहाचा हा संक्षेप होय. "सरकारांनीं यावें", "साहेबांनीं बसावें" असें समोरच्या मनुष्यासच तृतीय पुरुषांत बोलण्याची आपली जुनी रीत आठवा म्हणजे हें विचित्र वाटणार नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, "मी" आणि "तो" यांचें रूप एकच आहे. मराठी प्रथम पुरुषांत संदिग्ध राहते. स्पॅनिशही तेथेंच संदिग्ध राहते, मात्र वेगळ्या रीतीनें. आपणांस काळ कळत नाहीं. त्यांस बोलणारा कोण तें कळत नाहीं. म्हणून गरज पडेल तेथें ते यो (मी) किंवा एल (तो) हा कर्ता स्पष्ट लिहितात.

हा प्रत्यय आला कोठून? लॅटिन भाषेंतील मूळ नामास "जवळ असणें" या अर्थाच्या क्रियापदाचा भूतकाळ जोडण्याची रूढि पडली. "गाणें माझ्याजवळ होतें," म्हणजे "मला गावयाचें होतें," यावरून "मी गाईन असें होतें, मी गायलों असतों" असा अर्थ निघाला. तें दुसरें क्रियापद झिजत झिजत ईआ एवढेंच उरलें. याचा पुरावा जुन्या स्पॅनिशमध्यें सांपडतो. तेथें "मी तुला देईन असें होतें" याला दार ते ईआ म्हणत. "तुला" हा शब्द धातु आणि प्रत्यय यांच्या मध्यें बसे. दोन शब्द निराळे होते म्हणूनच मध्यें तिसऱ्यास शिरतां आलें. पोर्तुगीज भाषेच्या ग्रांथिक लेखनांत ही रीत आजही टिकून आहे. गोव्यांत १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचें राज्य होतें, त्यामुळें तेथील जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासकास ही गोष्ट उपयोगी पडते.

४. बारा बंडखोर

बारा मूळ क्रियापदें वरील नियम पूर्णपणें पाळीत नाहींत. परंतु प्रत्यय तेच राहतात. बिघडतो तो केवळ धातु. म्हणून त्यांचे तीन गट करून पाठ करावे.

पहिल्या गटांत मधला स्वर गळतो : पोदेर (शकणें) पासून पोद्रीआ, साबेर (जाणणें) पासून साब्रीआ, आबेर (सहायक "असणें") पासून आब्रीआ, काबेर (मावणें) पासून काब्रीआ, केरेर (इच्छिणें) पासून केर्रीआ.

दुसऱ्या गटांत स्वर गळून त्या जागीं द येतो : तेनेर (जवळ असणें) पासून तेंद्रीआ, पोनेर (ठेवणें) पासून पोंद्रीआ, बेनिर (येणें) पासून बेंद्रीआ, सालिर (निघणें) पासून साल्द्रीआ, बालेर (किंमत असणें) पासून बाल्द्रीआ. हा द कोठून आला म्हणून गोंधळूं नका. न किंवा ल यांस लागून र आला कीं, जिभेस मध्यें द चा टेका घ्यावासा वाटतो. संस्कृत "वानर" शब्दाचें हिंदी-उर्दूंत "बंदर" झालें, तें याच कारणानें. तोंड सर्व माणसांचें सारखेंच.

तिसऱ्या गटांत दोनच आहेत आणि तीं फार आंखूड झालीं आहेत : देसिर (सांगणें) पासून दिरीआ, आसेर (करणें) पासून आरीआ. नाणें जितकें अधिक हातांतून जातें तितकें तें झिजतें; शब्दांचेंही तसेंच.

केर्रीआ म्हणतांना र दुहेरी व कंपित काढावा. एकच र काढल्यास केरीआ होतें आणि "मला हवें असतें" याच्या जागीं "मला हवें होतें" असा साधा भूतकाळ होतो.

५. "जर" नंतर काय यावें

आतां पाठाच्या गाभ्याशीं आलों. मराठींत जर आणि तर या दोन्ही अंगांत असता-असती हेंच रूप येतें : "पैसे असते, तर पुस्तक घेतलें असतें." स्पॅनिशमध्यें असें चालत नाहीं. तेथें सी (जर) या शब्दानंतर संकेतार्थ कधींही येत नाहीं. तेथें दुसरेंच एक रूप येतें, त्यास भूतकाळचा संशयार्थ म्हणूं. संकेतार्थ येतो तो केवळ "तर" च्या अंगांत.

सी तुबिएरा दिनेरो, कोंप्रारीआ एल लीब्रो.
(जर पैसे असते, तर मीं पुस्तक घेतलें असतें.)

हें संशयार्थाचें रूप साधण्याची युक्ति अशी : साध्या भूतकाळाचें "ते" चें रूप घ्यावें, शेवटचें रोन काढावें आणि रा लावावा. तुबिएरोन (त्यांच्याजवळ होतें) पासून तुबिएरा. एस्तुबिएरोन (ते होते) पासून एस्तुबिएरा. आब्लारोन (ते बोलले) पासून आब्लारा.

मराठी विद्यार्थी येथें ठरावीक चूक करितो. आपल्या भाषेच्या संवयीनें तो दोन्हीकडे संकेतार्थ घालतो आणि सी तेंद्रीआ दिनेरो असें लिहितो. शिक्षक तें खोडतो आणि खोडणें योग्यच आहे. परंतु त्या विद्यार्थ्यानें फार खट्टू होऊं नये. स्पेन देशाच्या उत्तरेस, बुर्गोस आणि बास्क प्रांत यांकडील पुष्कळ लोक, ज्यांची ही जन्मभाषा आहे तेही, बोलतांना नेमकें असेंच म्हणतात, आणि त्यांचे शिक्षकही तें खोडतात. दोन्ही अंगें सारखीं असावींत अशी ओढ माणसाच्या मनांत आहे. आपल्या भाषेनें ती मान्य केली, प्रमाण स्पॅनिशनें केली नाहीं, इतकेंच.

६. उघडें दार, लोटलेलें दार, बंद दार

स्पॅनिश भाषा संकेताच्या तीन पायऱ्या स्पष्ट वेगळ्या ठेवते. आपल्याच शेतीचें उदाहरण घेऊं.

पहिली : सी युएबे, सेंब्रारेमोस. "पाऊस पडला तर पेरूं." पाऊस पडेल किंवा न पडेल, दार उघडें आहे. येथें संकेतार्थ नाहींच. एका अंगांत वर्तमानकाळ, दुसऱ्यांत भविष्यकाळ.

दुसरी : सी योबिएरा, सेंब्रारीआमोस. पाऊस पडत नाहीं. पडेल असा रंगही नाहीं. पण समजा पडला, तर आम्ही पेरूं. दार लोटलेलें आहे, कडी लागलेली नाहीं.

तिसरी : सी उबिएरा योबिदो, आब्रीआमोस सेंब्रादो. "पाऊस पडला असता तर पेरलें असतें." हंगाम निघून गेला. दार बंद झालें.

आतां मराठीकडे पाहा. पहिल्या पायरीस आपण "पडला" हें भूतकाळाचें रूप वापरतों; अजून न पडलेल्या पावसास पडलेला समजून नांगर तयार ठेवतों. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीस मात्र आपल्याजवळ बहुधा एकच रूप आहे. "मजजवळ पैसे असते तर दिले असते," हें वाक्य आज याचक दारांत उभा असतांनाही म्हणतां येतें आणि तो दहा वर्षांपूर्वीं निघून गेला असतांही म्हणतां येतें. स्पॅनिशमध्यें आज उभा असल्यास दारीआ. निघून गेला असल्यास आब्रीआ दादो. म्हणून मराठींतून स्पॅनिशमध्यें भाषांतर करितांना प्रत्येक वेळीं स्वतःस विचारावें : वेळ अजून आहे कीं गेली? आपली भाषा हा प्रश्न विचारीत नाहीं, म्हणून आपण तो विचारला पाहिजे.

७. संकेतार्थाचीं इतर कामें

"जर" चें वाक्य हें या रूपाचें एकच काम झालें. व्यवहारांत आणखी पांच कामें भेटतात.

विनय : पोद्रीआ उस्तेद आयुदार्मे? शब्दशः "आपण मला साह्य करूं शकलां असतां?" म्हणजे "आपण मला जरा मदत कराल का?" आपण हा विनय भविष्यकाळानें साधतों, किंवा दुकानांत "एक किलो गूळ हवा होता" असें भूतकाळानें. गूळ आतांच हवा असतो. तरी मागणी एक पाऊल मागें सरकवून बोलण्यांत सभ्यता आहे, हें दोन्ही भाषांनीं ओळखलें.

भूतकाळांतून पाहिलेला भविष्य : दिखो के बेंद्रीआ. "येईन, असें तो म्हणाला." मराठी येथें बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवते, स्पॅनिश ते सांगणाऱ्याच्या बाजूनें वळवून घेते.

मागील गोष्टीविषयीं अंदाज : सेरीआन लास ओचो. "तेव्हां आठ वाजले असतील." येथें आपण "असतील" हें भविष्याचें रूप वापरतों आणि ते संकेतार्थ वापरतात, अंदाज तोच.

उपदेश : देबेरीआस देस्कान्सार. "तूं विश्रांति घ्यावयास हवीस." आज्ञार्थाची धार बोथट करण्याचें हें साधन आहे. तसेंच यो के तू, नो इरीआ, "मी तुझ्या जागीं असतों तर गेलों नसतों."

ऐकीव वार्ता : वर्तमानपत्रांत अनिश्चित बातमी संकेतार्थांत देण्याची चाल आहे, भाषाशुद्धीचे अभिमानी तीस फ्रेंचांचें अनुकरण म्हणून नांवें ठेवितात. आपलें "म्हणे" हें चिमुकलें अव्यय हेंच काम किती थोडक्यांत करतें! "पूल वाहून गेला म्हणे," एवढें म्हटलें कीं बोलणारा जबाबदारींतून मोकळा झाला.

८. हा अर्थ कीं काळ?

पंडितांमध्यें या रूपाविषयीं जुना वाद आहे. आंतोनिओ दे नेब्रिहा यानें १४९२ सालीं सालामांका येथें स्पॅनिश भाषेचें पहिलें छापील व्याकरण प्रसिद्ध केलें. पुढें काराकासला जन्मलेल्या आणि चिले देशांत कार्य केलेल्या आंद्रेस बेल्यो यानें १८४७ च्या आपल्या व्याकरणांत असें प्रतिपादिलें कीं, हा निराळा अर्थ नसून एक काळ आहे. "येईन असें तो म्हणाला" यांतील येणें हें म्हणण्याच्या नंतरचें. म्हणून त्यानें यास "भूतानंतरचा काळ" अशा आशयाचें नांव दिलें. स्पेनच्या राजमान्य भाषामंडळानें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत यास स्वतंत्र "शक्यार्थ" मानलें; १९७३ च्या आराखड्यांत तें मत सोडलें, आणि २००९ च्या नव्या व्याकरणांतही यास स्वार्थाचा एक काळ म्हणूनच गणलें आहे.

हा वाद रिकामपणाचा नव्हे. एका भाषेचे सांचे दुसरीस लावतांना काय होतें, याचा अनुभव आपल्या भाषेनेंही घेतला आहे. पाद्री थॉमस स्टीफन्स यांचें कोंकणी भाषेचें व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० सालीं गोव्यांत रायतूर येथें छापलें गेलें. तें पोर्तुगीजांत लिहिलें होतें. १७७८ सालीं रोम शहरीं मराठीचें एक व्याकरण पोर्तुगीज भाषेंतच छापलें गेलें, आणि त्याच्या मुखपृष्ठावर "निजामशहा आणि आदिलशहा यांच्या राज्यांत चालणारी मराठी" असा उल्लेख आहे. निजामशाही बुडून तेव्हां शतकाहून अधिक काळ लोटला होता. पण नांव मागें राहिलें. बीड हें त्या निजामशाहींतलें गांव. म्हणजे आपल्या मुलुखाच्या बोलीचें नांव अडीचशें वर्षांपूर्वीं रोमच्या छापखान्यांत पोंचलें होतें. विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण त्यानंतर, १८०५ सालीं निघालें. परक्यांनीं आपल्या भाषेचे नियम जुळवितांना जे कष्ट घेतले, त्याच्या शतांशही कष्ट आपण त्यांच्या भाषेसाठीं घेतले, तर त्यांत कमीपणा नाहीं.

९. अभ्यास

पुढील वाक्यांचें स्पॅनिश भाषांतर करावें. प्रत्येक वाक्यांत प्रथम वेळ ठरवावी, मग "जर" चें अंग, मग "तर" चें.

(१) आज माझ्याजवळ पैसे असते तर मीं हें पुस्तक घेतलें असतें.
(२) काल तूं आला असतास तर आपण बरोबर जेवलों असतों.
(३) "पत्र लिहीन," असें ती म्हणाली.
(४) आपण दार उघडाल का?

उत्तरें : (१) सी तुबिएरा दिनेरो, कोंप्रारीआ एस्ते लीब्रो. (२) सी उबिएरास बेनीदो आयेर, आब्रीआमोस कोमीदो खुंतोस. (३) दिखो के एस्क्रिबिरीआ उना कार्ता. (४) पोद्रीआ उस्तेद आब्रिर ला पुएर्ता?

पांचवें वाक्य मीं मुद्दाम शेवटीं ठेविलें आहे. तें त्या मुलाच्या वहींतलें : "मी शाळेंत असतों." स्पॅनिशमध्यें हें वाक्य असें अर्धवट राहूंच शकत नाहीं. तो शाळेंत असेल, तर एस्तोय एन ला एस्कुएला. नसेल, तर सी एस्तुबिएरा एन ला एस्कुएला. पहिलाच शब्द उच्चारतांना मुलगा कोठें उभा आहे, शाळेंत कीं उसाच्या फडांत, हें भाषा सांगून टाकते. त्या भाषेच्या गुरुजीनें माझ्यासारखी चूक केली नसती.

पण मराठीच्या पदरींही एक गोष्ट आहे, ती सांगून हा पाठ संपवितों. त्या दिवशीं मीं तांबडी शाई पुसूं शकलों नाहीं, पण वही त्याच्यापुढें ठेवून म्हटलें, "वाक्य पुरें कर." त्यानें लिहिलें, "मी शाळेंत असतों तर सगळें शिकलों असतों." मीं पेन्सिल घेऊन एकच अक्षर बदललें. "असतों" मधला त काढून तेथें ल लिहिला आणि पुढचें वाक्य त्याला करावयास सांगितलें. त्यानें थोडा विचार केला आणि लिहिलें, "मी शाळेंत असलों तर सगळें शिकेन."

त आणि ल. एका अक्षराचें अंतर. एकानें दार बंद होतें, दुसऱ्यानें उघडतें. स्पॅनिशमध्यें सी एस्तुबिएरा पासून सी एस्तोय पर्यंत तेवढेंच अंतर आहे. वहींत तें अंतर पेन्सिलीनें ओलांडतां येतें. वहीबाहेर तें ओलांडण्यासाठीं मुलाला दिवाळीनंतर गांवांत ठेवून घेणारें कोणीतरी घर लागतें, त्याच्या जेवणाची आणि निजण्याची सोय लागते. त्या वर्षीं ती सोय त्याच्या आजीनें केली. पुढच्या दिवाळीनंतर तो मुलगा वर्गांत होता, आणि हजेरी घेतांना मीं त्याचें नांव पुकारलें तेव्हां त्याने दिलेलें उत्तर वर्तमानकाळांत होतें.